इंजिन त्याचं, बुक माझं

चेस इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, माझा मित्र लिहितो आणि त्याचं ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) बुक मी बनवतो, अशी वाटणी आहे आमची. तो ऐरोलीला राहतो, दिवसभर कंपनीचा कोड आणि रात्री स्वतःच्या चेस इंजिनचा कोड, आणि गंमत म्हणजे त्याला स्वतःला बुद्धिबळ यथातथाच येतं. माझं उलटं, कोडिंग पायथनच्या पुढे जात नाही पण शाळेपासून स्पर्धा खेळल्यामुळे ओपनिंगची खोड लागलेली. ठाणे, डोंबिवली, नवी मुंबई मिळून आमचा हौशी लोकांचा एक छोटा ग्रुप आहे, प्रत्येकाचं स्वतः लिहिलेलं इंजिन, आणि अधूनमधून एखाद्या रविवारी कोणाच्या तरी घरी लॅपटॉप जोडून राऊंड रॉबिन (प्रत्येकाची प्रत्येकाशी लढत) होते. स्टॉकफिश या सगळ्यात तगड्या फुकट इंजिनचा कोड उचलून आणायचा नाही एवढाच कडक नियम. पुढची स्पर्धा गणपतीनंतर आहे, म्हणजे सध्या माझा सीझन चालू आहे आणि घरच्यांना वाटतंय की मी ऑफिसचं काम करतोय.

नातेवाईकांना हे समजावणं मी सोडून दिलंय. बुद्धिबळ म्हटलं की गुकेश, नाहीतर आपली नागपूरची दिव्या देशमुख, आणि मग "तू पण खेळतोस का रे अजून?" यावर "नाही मावशी, कॉम्प्युटर खेळतो, मी फक्त त्याच्या पहिल्या दहा चाली ठरवतो" असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पण खरंच तेवढंच काम आहे. ओपनिंग बुक म्हणजे एक फाईल, त्यात पोझिशन आणि त्या पोझिशनला खेळायची चाल. पोझिशन बुकात असेपर्यंत इंजिन काहीही विचार न करता चाल खेळतं, घड्याळही जवळपास हलत नाही. १५ मिनिटं अधिक चालीमागे ५ सेकंद अशा डावात पहिल्या १२ चाली फुकटात झाल्या की मधल्या खेळासाठी वेळ उरतो, तो हौशी इंजिनला सोन्यासारखा. पण वेळ वाचवणं हा बुकाचा छोटा फायदा. मोठा प्रश्न हा की बुक संपतं तेव्हा इंजिन कुठल्या पोझिशनमध्ये उभं असतं. बुक म्हणजे शेवटी रिक्षाने ठाणे स्टेशनपर्यंत सोडणं आहे, पुढची लोकल त्याची त्यालाच पकडायची, आणि त्याला ट्रान्स हार्बरची सवय असताना तुम्ही कसाऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर सोडलंत तर रिक्षा कितीही फास्ट असून उपयोग काय.

बुकाची ताकद बघायची असेल तर १९९७ चा आयबीएमचा कॉम्प्युटर डीप ब्लू विरुद्ध विश्वविजेता कॅस्पारोव्ह सहावा डाव काढून बघा. ओपनिंग कॅरो-कान, कॅस्पारोव्हने सातव्या चालीला एच६ केलं (म्हणजे प्यादं एच६ या घरात) आणि डीप ब्लूने आठव्या चालीला ई६ वर घोडा दिला. १९ चालींत डाव संपला, मॅचही संपली. लोक अजून म्हणतात मशीनने काय भन्नाट बलिदान केलं, पण ती चाल मशीनने शोधलेली नव्हती, ती बुकातली होती. ते बुक जोएल बेंजामिन आणि बाकीचे ग्रँडमास्टर यांनी तयार केलेलं. आयबीएमच्या टीमच्या पेपरमध्ये आकडे दिलेत, हाताने बनवलेल्या बुकात साधारण ४००० पोझिशन्स, आणि त्याच्या मागे ७ लाख डावांच्या डेटाबेसवरून काढलेलं एक्स्टेंडेड बुक, जे कुठल्या चालीकडे झुकायचं ते सुचवायचं. मला त्या ७ लाखांपेक्षा ४००० चं जास्त कौतुक आहे. आज मी रात्री लॅपटॉप चालू ठेवून झोपलो तर सकाळी लाखभर पोझिशन्सचं बुक तयार असतं आणि त्यातली अर्धीअधिक मी कधी बघितलेलीही नसतात.

तर लाखभर पोझिशन्सचं बुक कसं बनतं, आणि ते का खेळायला देऊ नये.

आमच्याकडे सगळे पॉलिग्लॉट या प्रोग्रॅमचा बुक फॉरमॅट वापरतात. फ्रूट नावाचं इंजिन लिहिणारा फ्रेंच प्रोग्रॅमर फाबियां लतूझे, त्याचंच हे काम. फॉरमॅट इतका साधा आहे की मलाही कळला: प्रत्येक नोंद १६ बाईटची, त्यात ८ बाईट पोझिशनची किल्ली, २ बाईट चाल, २ बाईट वजन, उरलेले ४ लर्निंगसाठी (जे बहुतेक लोक शून्यच ठेवतात). म्हणजे लाख नोंदी झाल्या तरी फाईल १६ लाख बाईट, व्हॉट्सॅपवर येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या व्हिडिओपेक्षा लहान. किल्ली बनते ७८१ रँडम आकड्यांतून: कुठली सोंगटी कुठल्या घरात याचे ७६८, कॅसलिंगच्या (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याच्या) हक्कांचे ४, आँ पासाँचे (प्यादं मारण्याच्या एका खास नियमाचे) ८ आणि कोणाची चाल याचा १. किल्ली पोझिशनची असते, चालींच्या क्रमाची नाही, हे फार सोयीचं. समोरच्याने डी४ ने सुरुवात केली काय किंवा सी४ करून दोन चालींनंतर डी४ केलं काय, क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्डची तीच पोझिशन आली की बुक ओळखतं. एक खोच मात्र आहे, कॅसलिंग ही चाल पॉलिग्लॉटमध्ये राजाने स्वतःचाच हत्ती खाल्ल्यासारखी लिहिलेली असते, ई१ वरून एच१. मित्राच्या इंजिनला हे माहीत नव्हतं, ते ही चाल बेकायदेशीर समजून बुकातून बाहेर पडायचं आणि कॅसलिंगच्या जागी स्वतःच्या मनाने विचार करत बसायचं. तो आठवडाभर म्हणत होता तुझं बुक खराब आहे. असो.

डाव घ्यायचे कुठून, तर मार्क क्राउदरचं द वीक इन चेस आहे, १९९४ पासून दर आठवड्याचे स्पर्धांचे डाव पीजीएनमध्ये (डाव लिहायचा साधा टेक्स्ट फॉरमॅट) फुकट. लीचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटचा डेटाबेसही फुकट आहे, २०१३ पासूनचा महिन्या-महिन्याचा, पण तो प्रचंड आहे आणि त्यात ब्लिट्झ, बुलेट असे झटपट डाव, रात्री दोन वाजता झोपेत खेळलेले डाव सगळं येतं. बुकासाठी मी दोन्ही खेळाडू २४०० रेटिंगच्या वर आणि क्लासिकल टाइम कंट्रोल (सावकाश खेळलेले डाव) एवढंच ठेवतो. मग पॉलिग्लॉटची मेक-बुक कमांड मारली, किती प्लायपर्यंत (एका बाजूची एक चाल म्हणजे एक प्लाय) जायचं आणि चाल किमान किती डावांत आलेली हवी ते सांगितलं, की झालं बुक. पाच मिनिटं.

आता यात गोची बघा. पॉलिग्लॉट चालीचं वजन काढतो ते जिंकलेल्या डावांचे दोन आणि बरोबरीचा एक असं. समजा एक चाल १००० डावांत खेळली गेली, ३०० जिंकले, ४०० बरोबरी, वजन झालं १०००. दुसरी चाल नवी आहे, कोणीतरी मागच्या वर्षी शोधलेली, २० डावांत १४ जिंकले आणि ४ बरोबरी, वजन ३२. इंजिन वजनाच्या प्रमाणात चाल निवडतं, म्हणजे ही जबरदस्त नवी चाल शंभरात तीनदा येणार आणि ती तीस टक्क्यांवाली जुनी चाल ९७ वेळा. वजन म्हणजे लोकप्रियता, चांगुलपणा नव्हे. बरं, उलटं करून फक्त टक्केवारीवर जावं तर त्याहून वाईट, कारण तीन डावांत तीन विजय म्हणजे १०० टक्के, आणि त्या तीन डावांत कदाचित काळ्याने चाळिसाव्या चालीला वेळेच्या गडबडीत हत्ती फुकट दिलेला असतो, ओपनिंगचा त्यात काय संबंध. आणि माणसांच्या डावांत रेटिंगचा फरक असतो, २७०० वाला २४०० वाल्याविरुद्ध काहीही खेळला तरी जिंकतो, ते काहीही मग तुमच्या बुकात भारी ओपनिंग म्हणून बसतं.

म्हणून डेटाबेसवरून आलेलं बुक हा माझ्यासाठी फक्त कच्चा माल. त्यानंतरचं काम हाताने.

पहिलं म्हणजे आपली बाजू अरुंद आणि समोरची रुंद. पांढऱ्याने मी इंजिनला एक, फार तर दोन चाली देतो प्रत्येक पोझिशनला, पण काळ्याची जी जी शहाणी उत्तरं आहेत ती सगळी झाकली पाहिजेत, आणि काही वेडी उत्तरंसुद्धा, कारण आमच्या ग्रुपमध्ये एक काका आहेत (रिटायर्ड, ठाण्यातलेच) ज्यांचं इंजिन मुद्दाम दुसऱ्या चालीला काहीतरी विचित्र करतं, फक्त समोरच्याला बुकातून बाहेर काढायला. २५ चाली खोल लाईन (चालींची ठरलेली मालिका) पाठ करून आलेलं बुक तिसऱ्या चालीला निरुपयोगी होतं. पहिल्या दोन्ही बाजूंच्या एकेका चालीनंतरच ४०० शक्यता असतात, दोन-दोन चालींनंतर १,९७,२८१ क्रम, सगळं झाकणं अशक्य, पण त्यातलं येऊ शकेल असं फार थोडं असतं. पॉलिग्लॉटमध्ये फक्त पांढऱ्याच्या किंवा फक्त काळ्याच्या चाली ठेवायची सोय आहे, त्यामुळे मी दोन वेगळी बुकं बनवतो आणि शेवटी जोडतो.

दुसरं, आणि माझ्या मते हेच खरं बुकाचं काम, लाईनचं टोक. प्रत्येक लाईन जिथे संपते तिथे मी मित्राचं इंजिन सोडतो, विचार करू देतो, आणि त्याचा स्कोअर आणि पुढच्या चाली लिहून घेतो. मग तीच पोझिशन स्टॉकफिशला. दोघांचं मत जवळपास जुळलं तर लाईन राहते. स्टॉकफिश म्हणतो पांढरा थोडा बरा आणि आमचं इंजिन म्हणतं मी मेलो, तर ती लाईन कितीही चांगली असली तरी कापायची. नवीन लोकांना हे पटत नाही. "अरे पण स्टॉकफिश अधिक ०.४ देतोय!" (म्हणजे जवळपास अर्ध्या प्याद्याची आघाडी.) हो, पण पुढे स्टॉकफिश खेळणार नाहीये ना, आपलं पोरगं खेळणार आहे.

बर्लिनचं, म्हणजे काळ्याच्या एका ओपनिंगचं, उदाहरण देतो. २००० साली लंडनला क्रॅमनिकने याच बर्लिनच्या भिंतीवर कॅस्पारोव्हला अडवलं. आठव्या चालीला वजिरांची मारामारी होते, काळ्याचा राजा डी८ वर येतो, कॅसलिंग संपलं, पण पोझिशन भक्कम. आमचं इंजिन एंडगेम बरं खेळतं आणि वजीर असताना राजाभोवती काय चाललंय ते त्याला नीट कळत नाही, तेव्हा कागदावर बर्लिन त्याच्यासाठीच बनलेलं. पण त्याच्या इव्हॅल्युएशनमध्ये (पोझिशनला गुण देणाऱ्या कोडमध्ये) कॅसलिंग गेल्याचा दंड आहे, वजीर पटावर असोत की नसोत. मग ते डी८ वरचा राजा बघून घाबरतं आणि स्कोअर सुधारायला कडेची प्यादी ढकलत सुटतं. याउलट पेट्रॉफ हे ओपनिंग त्याला झकास जमतं, कॅरो-कान क्लासिकल जमतं, पांढऱ्याने स्कॉच जमतं, म्हणजे मधलं केंद्र मोकळं आणि सोंगट्यांना हलायला जागा. किंग्ज इंडियनसारखं केंद्र बंद झालं की हत्ती ई१ वरून एफ१, एफ१ वरून ई१, आणि समोरचा तोपर्यंत प्यादी घेऊन राजावर चालून येतो. न्यूरल नेटवर्कवाल्या मोठ्या इंजिनांचा हा आजार बराच कमी झालाय, हाताने लिहिलेल्या इव्हॅल्युएशनवाल्या हौशी इंजिनांना मात्र अजून तसाच आहे.

आता भांडणाचा विषय, किलर लाईन, म्हणजे एका ठरावीक इंजिनला हरवायलाच बनवलेली लाईन. ग्रुपमधलं एक इंजिन तेच हार्डवेअर आणि तोच वेळ दिला की बहुतेक वेळा तीच चाल खेळतं, त्याच्यात रँडमपणाही नाही आणि लर्निंगही नाही. म्हणजे एकदा त्याला हरवलेला डाव अख्खा बुकात घालून ठेवला तर परत तसाच जिंकता येतो, आपलं इंजिन एक सेकंदही विचार न करता मात देतं. कोणी म्हणतं ही चीटिंग, कोणी म्हणतं ही तयारी. माझं मत, मागच्या स्पर्धेतली लाईन वापरून विसाव्या चालीपर्यंत चांगली पोझिशन मिळवणं ही तयारी, माणसंही तेच करतात, डीप ब्लूनेही तेच केलं. पण मात होईपर्यंत अख्खा डाव पाठ करून आणणं म्हणजे रविवार फुकट घालवणं. आम्ही शेवटी ठरवलं की निम्मे डाव स्वतःच्या बुकाने आणि निम्मे सगळ्यांना सारख्या ठरवून दिलेल्या ओपनिंगने. हे ठरायला कुंजविहारचे वडापाव आणि बरीच आरडाओरड लागली.

ठरवून दिलेल्या ओपनिंगचं शास्त्र अगदीच वेगळं. तिथे बुक कोणाच्या बाजूचं नसतं. टीसीईसी ही मोठी इंजिन स्पर्धा २०१० पासून चालू आहे, तिच्या सुपरफायनलमध्ये १०० डाव असतात, म्हणजे ५० ओपनिंग, प्रत्येक दोनदा, रंग बदलून. यातल्या बऱ्याच सीझनची ओपनिंग येरून नोमेन या डच माणसाने निवडली, ज्याने आधी रेबेल आणि रिब्का या इंजिनांची बुकं केली होती. त्याची अडचण आमच्या बरोबर उलटी. वरची इंजिनं इतकी तगडी झालीत की समतोल ओपनिंग दिलं तर डावामागून डाव बरोबरीत. म्हणून तो मुद्दाम वाकडी ओपनिंग देतो, जिथे एक बाजू जवळजवळ हरायच्या काठावर आहे. मग खरा प्रश्न हा की पांढऱ्याने कोण जिंकतं आणि काळ्याने कोण वाचतं. स्टॉकफिशचे लोक नवीन कोड तपासतानाही हेच करतात, यूएचओ म्हणजे अनबॅलन्स्ड ह्यूमन ओपनिंग्ज नावाचे स्टेफान पोलचे संच वापरतात. तिथे निकालही एका डावाचा नाही तर जोडीचा मोजतात: दोन डावांत मिळून शून्य, अर्धा, एक, दीड किंवा दोन गुण. दोघंही पांढऱ्याने जिंकले तर एक-एक, म्हणजे ओपनिंगनेच निकाल लावला, इंजिनबद्दल काही कळलं नाही. हे गणित मला फार आवडतं.

आणि हे ठरवून न दिल्यामुळे किती वाद होतो ते डिसेंबर २०१७ ला सगळ्यांनी बघितलं, डीपमाइंडचं अल्फाझीरो विरुद्ध स्टॉकफिश ८, १०० डाव, अल्फाझीरोने २८ जिंकले, ७२ बरोबरी, आणि लगेच लोकांनी पहिलं काय विचारलं तर स्टॉकफिशला बुक का नाही दिलं. नंतरच्या २०१८ च्या पेपरात डीपमाइंडने ठरवलेल्या ओपनिंगवरून सुरू केलेले डावही घातले.

आमच्यासाठी मात्र वाकडी ओपनिंग मला अजिबात नको आहेत. ग्रुपमधल्या एकाचा यूएचओचा फार आग्रह होता, कारण मोठे लोक वापरतात. अरे, आपली इंजिनं समतोल पोझिशनमध्ये सुद्धा तिसाव्या चालीपर्यंत एक-दोन सोंगट्या देऊन मोकळी होतात, आपल्याला बरोबरीचा त्रास कधी झालाय? वाकडं दिलं तर दोन्ही डाव पांढराच जिंकेल आणि टेबलवर सगळे सारखे. सहा-आठ चालींची साधी, सगळ्यांना माहीत असलेली ओपनिंग, दोनदा रंग बदलून, बास.

तर आत्ताची परिस्थिती अशी की पांढऱ्याचं बुक जवळपास झालंय, काळ्याने ई४ ला पेट्रॉफ आणि कॅरो-कान दोन्ही, वजन थोडं पेट्रॉफकडे. अडलंय ते काळ्याने डी४ ला. स्लाव हे ओपनिंग दिलं तर समोरचा एक्स्चेंज करतो (मधल्या प्याद्यांची मारामारी) आणि सगळं आरशासारखं सारखं होऊन बसतं, खालच्या इंजिनांविरुद्ध त्याने गुण सुटतात. निमझो-इंडियन मला स्वतःला प्रिय, पण त्यात काळा उंट देऊन सी३ वरचा घोडा घेतो, आणि आमच्या इंजिनमध्ये दोन उंटांच्या जोडीला जवळपास अर्ध्या प्याद्याचा बोनस आहे. म्हणजे बुक संपतं तेव्हा इंजिनला वाटतं आपण अर्धं प्यादं घालवून बसलोय, आणि ते भरून काढायला सी५ आणि डी५ एकदम करून स्वतःचीच प्यादी फोडून घेतं. मी मित्राला म्हटलं निमझो सोडतो, क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड घालतो, सरळ काम. तो म्हणाला नको, तुला निमझो आवडतं ना, मी बोनस कमी करतो. मी म्हटलं बाबा रे, स्पर्धा तोंडावर आलीय, इव्हॅल्युएशनला हात लावू नकोस, सगळ्या लाईनींची टोकं त्याच आकड्यांवर तपासलीत मी. "बरं" म्हणाला.

काल रात्री साडेबाराला त्याचा मेसेज, नवीन व्हर्जन पाठवलंय, बोनस अर्धा केला, सेल्फ प्लेमध्ये (इंजिन स्वतःशीच खेळताना) बरं दिसतंय, निमझो बघ एकदा. म्हणजे आता निमझोच नाही, स्कॉचपासून सगळी टोकं परत तपासायला लावायची, आज ऑफिसातून आल्यावर लॅपटॉप त्याच कामाला जुंपणार आहे. बायकोला सांगितलंय रिलीज आहे.